इंग्रजी शब्दसंग्रह : सोप्या व्याख्यांचे सामर्थ्य

मराठी माध्यमातून दहावी उत्तीर्ण होऊन अकरावीच्या विज्ञान शाखेत प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या काही महिन्यांत विषयापेक्षा भाषेचीच अडचण अधिक जाणवते. जडत्वाची संकल्पना त्याला ठाऊक असते, पण 'इनर्शिया' हा शब्द अनोळखी असतो. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. तरीही ही अडचण पुरती दूर झालेली नाही.

अनोळखी शब्द एकवेळ परवडतात, कारण ते कोशात शोधले जातात. खरा दगा देतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. 'व्हॉल्यूम' म्हणजे आवाजाची पातळी एवढेच ठाऊक असलेल्याला रसायनशास्त्रातील घनफळ उमगत नाही. 'पॉवर' हा शब्द गणितात घात होतो, तर भौतिकशास्त्रात शक्ती. 'सोल्यूशन' कधी उत्तर असते, कधी द्रावण. 'सेल' ही जीवशास्त्रात पेशी, विजेच्या प्रकरणात घट आणि तुरुंगात कोठडी असते. क्वचित आपली भाषा साहाय्यही करते. 'कंडक्टर' या शब्दाला एसटीच्या बसमध्ये आणि विजेच्या धड्यात मराठीत 'वाहक' हाच प्रतिशब्द आहे!

एका इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द लिहून पाठ करणे, ही आपल्याकडील रूढ पद्धत. ती टाकाऊ नाही, पण अपुरी आहे. उदाहरणार्थ, 'रिलक्टंट' म्हणजे 'नाखूष' असे पाठ केलेला विद्यार्थी 'मी माझ्या गुणांवर नाखूष आहे' या वाक्याचे भाषांतर करताना हाच शब्द योजतो आणि वाक्य चुकते. मराठीतील 'नाखूष' शब्दात असमाधान आणि अनिच्छा या दोन्ही छटा आहेत, तर इंग्रजी शब्दात केवळ अनिच्छा आहे. त्याऐवजी 'नॉट वाँटिंग टू डू समथिंग', म्हणजे एखादी गोष्ट करण्याची इच्छा नसलेला, अशी सोपी व्याख्या वाचली असती, तर हा शब्द एखाद्या कृतीच्या संदर्भातच येतो हे आपोआप ध्यानात आले असते.

कठीण शब्दाचा अर्थ त्याहून सोप्या शब्दांत सांगावा, हे तत्त्व आज स्वयंसिद्ध वाटते. परंतु कोशकारांनी ते नेहमीच पाळले असे नाही. सॅम्युएल जॉन्सन यांच्या 1755 सालच्या विख्यात कोशात 'नेटवर्क' म्हणजे जाळे या साध्या शब्दाची व्याख्या इतकी दुर्बोध आहे की, ती समजण्यास पुन्हा कोश उघडावा लागतो. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही, त्यांचा विचार तोवर कोशरचनेत नव्हता.

हा विचार पुढे आणण्यात भारतीय उपखंडातील वर्गांचा मोठा वाटा आहे, ही बाब फारशी कोणाला ठाऊक नसते. मायकेल वेस्ट हे शिक्षणतज्ज्ञ तत्कालीन बंगालमध्ये ढाका येथील शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात कार्यरत होते. विद्यार्थ्यांसमोर एकाच वेळी फार शब्द आल्यास वाचनच थांबते, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातून त्यांनी मर्यादित शब्दांची वाचनमाला तयार केली. पुढे 1935 साली जे. जी. एन्डिकॉट यांच्यासह त्यांनी प्रसिद्ध केलेल्या कोशात सुमारे 24,000 शब्द व वाक्प्रचारांचे अर्थ अवघ्या 1,490 शब्दांच्या साहाय्याने दिले होते. म्हणजे तेवढे शब्द आत्मसात केलेल्याला उर्वरित सर्व व्याख्या स्वतःच्या बळावर वाचता याव्यात, अशी ही योजना होती.

त्याच काळात ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवीत होते. त्यांनी सहकाऱ्यांसह सिद्ध केलेला कोश 1942 साली, ऐन महायुद्धात, टोकियोमध्ये प्रसिद्ध झाला. ऑक्सफर्डने 1948 साली तो पुनर्मुद्रित केला. शब्दाच्या अर्थाबरोबरच तो वाक्यात कसा बसतो हे दाखविणे, हे त्याचे वैशिष्ट्य होते. 1978 साली लाँगमनच्या कोशाने सुमारे 2,000 शब्दांच्या मर्यादेत व्याख्या दिल्या. 1987 साली बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधनावर आधारलेल्या 'कोबिल्ड' कोशाने तर व्याख्याच पूर्ण वाक्यात देण्याचा पायंडा पाडला.

सुटा शब्द येणे आणि शब्दसमूह येणे यांत अंतर आहे. इंग्रजीत चूक 'मेक' केली जाते, तर गृहपाठ 'डू' केला जातो. दोन्हींकडे मराठीत 'करणे' हे एकच क्रियापद आहे. त्यामुळे व्याकरण पक्के असूनही वाक्य परके वाटते. 'पुट' आणि 'ऑफ' हे दोन्ही शब्द पाचवीतील मुलालाही येतात. परंतु 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, हे त्या दोहोंच्या बेरजेतून निघत नाही. कार्यालयीन पत्रव्यवहारात 'इन ल्यू ऑफ' म्हणजे 'ऐवजी'. तो 'च्या अनुषंगाने' असा घेतला, तर पत्राचा आशयच बदलतो. 'सँक्शन' या शब्दाची तर कमाल आहे. कर्जाच्या पत्रात तो मंजुरी असतो आणि आंतरराष्ट्रीय बातमीत निर्बंध.

वहीत शब्द टिपताना म्हणूनच क्रम थोडा बदलावा. आधी सोपी इंग्रजी व्याख्या, मग तो शब्द ज्यांच्या संगतीने येतो ते शब्द, नंतर स्वतःच्या जीवनातले एक वाक्य आणि शेवटी मराठी प्रतिशब्द. 'ड्रॉट' हा शब्द घेतल्यास 'अ लाँग टाइम विदाउट रेन' ही व्याख्या, 'सिव्हिअर' हे नित्याचे विशेषण आणि आपल्या तालुक्याविषयीचे एक वाक्य एवढे पुरेसे आहे. मराठी प्रतिशब्द वगळण्याचा आग्रह मात्र अनाठायी होय. 'मुंगूस' हा शब्द इंग्रजीने मराठीतूनच उचलला असताना 'मंगूस'ची प्राणिशास्त्रीय व्याख्या पाठ करण्यात काय हशील?

वेगाचा मोहही टाळावा. दिवसाला 50 शब्दांचा संकल्प सहसा आठवडाभरही टिकत नाही. रोज 5 शब्द आणि आधीच्या शब्दांची उजळणी असा क्रम ठेवल्यास वर्षाच्या 300 दिवसांत 1,500 शब्द होतात, आणि वेस्ट यांच्या मर्यादेएवढा पल्ला गाठला जातो. उजळणी दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने, अशा वाढत्या अंतराने करणे अधिक लाभदायक असते, कारण विसरण्याचा वेग प्रारंभीच सर्वाधिक असतो.

कोणते शब्द आधी शिकावेत, हा प्रश्न उरतो. साधारण 2,000 सर्वाधिक वापराच्या शब्दांनी सामान्य इंग्रजी मजकुराचा सुमारे 80 टक्के भाग व्यापलेला असतो. व्याख्यांसाठी वापरलेल्या शब्दांची यादी अनेक विद्यार्थी कोशांच्या अखेरीस छापलेली असते, तर ऑक्सफर्डची 3,000 शब्दांची यादी इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. पेन्सिल घेऊन, ज्या शब्दाचा अर्थ इंग्रजीत सांगता येणार नाही त्यावर खूण करीत ही यादी प्रथम वाचावी. खूण केलेले शब्द बहुधा अपेक्षेपेक्षा कमीच निघतात.