नाताळाला अर्धं गाव फडावर, पेन्टेकॉस्टला मात्र सगळं घरी. ख्रिस्ती वस्तीवरचा हा उन्हाळी सण नेमका आहे तरी काय?

नाताळाला चर्चवर चांदणी लागते, केक-करंज्यांची ताटं शेजारी जातात, सरपंचापासून सगळे शुभेच्छा द्यायला येतात. उत्तम शुक्रवार कॅलेंडरात लाल अक्षरात छापलेला असतो. पण मे-जूनच्या उन्हात एका रविवारी त्याच चर्चच्या वेदीवर लाल कापड अंथरलं जातं, बाहेर मांडव घालतात, चुलीवर मोठी पातेली चढतात आणि बाकीच्या गावाला प्रश्न पडतो, आता हे कशाचं? बरेच जण ‘कुणाचं तरी लग्न असेल’ म्हणून सोडून देतात.

तो पेन्टेकॉस्ट. पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण. ख्रिस्ती वर्षात नाताळ आणि ईस्टर यांच्या बरोबरीनं मानला जाणारा तिसरा मोठा सण हाच. सरकारी सुट्टी नाही, कारण तो नेहमी रविवारीच येतो. त्यामुळं बाहेरच्यांना त्याची फारशी खबर लागत नाही.

तारीख कशी ठरते? ईस्टरचा रविवार पहिला धरून पन्नासावा दिवस. ‘पेन्टेकॉस्ट’ या ग्रीक शब्दाचा अर्थच पन्नासावा. ईस्टर चंद्रावर चालतो. 21 मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो कधी होळी पौर्णिमेनंतर, कधी हनुमान जयंतीनंतर येतो. त्यात सात आठवडे मिळवले की पेन्टेकॉस्ट. तो 10 मेच्या आधी येत नाही आणि 13 जूनच्या पुढं जात नाही. 2025 साली 8 जूनला होता, म्हणजे ऐन मृगाच्या तोंडावर. 2026 साली 24 मे, रोहिणी निघायच्या बेताला. शेतकऱ्याच्या हिशोबानं सांगायचं तर नांगरट झालेली, ढेकळं तापलेली, बी-बियाण्याची जुळवाजुळव चाललेली आणि नजर आभाळाकडं, अशा दिवसांतला हा सण आहे.

घडलं काय होतं

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात ही हकीकत आहे. येशूला क्रुसावर दिल्यावर त्याचे शिष्य यरुशलेमात भेदरून एका ठिकाणी जमत होते. सगळे मिळून सुमारे 120 जण. सणाच्या दिवशी सकाळी अचानक सोसाट्याच्या वाऱ्यासारखा आवाज झाला, प्रत्येकाच्या डोक्यावर अग्नीच्या जिभांसारखं काही दिसलं आणि ही साधी गालीलाकडची माणसं वेगवेगळ्या भाषांत बोलू लागली. यात्रेला मिसरपासून रोमपर्यंतचे लोक आलेले होते. प्रत्येकाला आपल्याच बोलीत ऐकू येऊ लागलं. काही जण हसले, म्हणाले, यांनी प्यालीय. पेत्र उठून म्हणाला, अहो, आत्ता कुठं सकाळचे नऊ वाजलेत! मग त्यानं भाषण केलं आणि त्या दिवशी सुमारे 3000 लोकांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणून या दिवसाला चर्चचा वाढदिवस म्हणतात. वेदीवरचं लाल कापड त्या अग्नीचं.

यात्रेकरू मुळात कशाला जमले होते, हे सांगायचं बहुतेक वेळा राहून जातं. तो यहुदी लोकांचा सप्ताहांचा सण, कापणीचा. वल्हांडणाच्या वेळी जवाची पहिली पेंढी देवापुढं ठेवायची, मग सात आठवडे मोजायचे, आणि गव्हाची सुगी संपत आली की नव्या पिठाच्या दोन भाकरी अर्पण करायच्या. याच सणाच्या नियमाला लागून मोशेच्या नियमशास्त्रात एक हुकूम आहे. शेत कापताना कडेकोपरे साफ कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा. आपल्याकडं यालाच सरवा म्हणतात. सरवा वेचून सासूला जगवणाऱ्या रूथ नावाच्या विधवेची गोष्ट यहुदी लोक या सणाला वाचतात. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी दुसऱ्याच्या रानात सरवा वेचलाय, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

आणखी एक. पेत्रानं त्या सकाळी आधार घेतला तो योएल संदेष्ट्याचा. योएलाचं पुस्तक छोटंसं आहे आणि सुरू होतं तेच टोळधाड आणि दुष्काळानं. ओढे आटलेत, कोठारं ओस पडलीत, गुरं चाऱ्यावाचून हंबरतायत. पुढं पाऊस येतो, खळी भरतात आणि त्यानंतर देव आपला आत्मा सगळ्यांवर ओतील असं येतं. मुलांवर, मुलींवर, म्हाताऱ्यांवर, दासदासींवरही. पावसासारखा ओतणं हा शब्द पाथर्डी-कर्जतकडच्या माणसाला जसा लागतो, तसा बारमाही कालव्यावरच्या माणसाला लागत असेल की नाही, सांगता येत नाही.

नगर जिल्ह्यात अँग्लिकन आले कसे

जिल्ह्यात मिशनचं काम आधी सुरू केलं अमेरिकन मराठी मिशननं, 1831 साली. मराठी ख्रिस्ती लोकांचं ‘ज्ञानोदय’ हे पत्र 1842 मध्ये नगरलाच निघालं. अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतली एसपीजी ही संस्था इथं आली 1870 च्या दशकात. त्याच दशकात 1876 ते 78 चा भयंकर दुष्काळ पडला. त्या काळात आणि पुढं खेड्यापाड्यांतली अनेक कुटुंबं ख्रिस्ती झाली, बहुतेक तेव्हाच्या महार आणि मांग समाजातली. पाथर्डी तालुक्यातल्या मिरीला एसपीजीचं ठाणं होतं. 1929 साली नाशिकचा वेगळा धर्मप्रांत झाला, त्याचे पहिले बिशप फिलिप लॉइड हे त्याआधी मिरीला आणि नगरला काम करून गेलेले. पुढं ते इंग्लंडात सेंट ऑल्बन्सचे बिशप झाले. मिरीच्या धुळीत चाललेला माणूस तिकडच्या मोठ्या कॅथेड्रलमध्ये बसला, हे आज मिरीतही किती जणांना ठाऊक असेल!

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला अँग्लिकन आणि इतर काही चर्च एकत्र येऊन उत्तर भारत चर्च झालं. म्हणून पाटीवर आता ‘सीएनआय’ दिसतं. रीत मात्र पुष्कळ ठिकाणी जुनीच आहे. पाळकांचा झगा, ऋतूप्रमाणं वेदीचे रंग, छापील प्रार्थना आणि वर्षाच्या ठरलेल्या सणांची वही.

एक गल्लत इथंच दूर करू. ‘पेन्टेकोस्टल’ नावाच्या मंडळ्या वेगळ्या. त्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगभर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या इतिहासात लॉस एंजेलिसच्या 1906 च्या सभांबरोबर पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधल्या 1905 च्या घटनांचंही नाव घेतलं जातं. ते केडगाव दौंड तालुक्यातलं, नगरच्या शेजारचं नव्हे. पेन्टेकॉस्ट हा सण मात्र कॅथलिक, अँग्लिकन, पेन्टेकोस्टल सगळ्यांचाच.

भाषेचा मुद्दाही इथं येतो. ज्याला त्याला आपल्या बोलीत ऐकू आलं, हे या सणाचं मर्म. पण सुरुवातीच्या काळात खेड्यातल्या उपासनेत इंग्रजी चालीच जास्त. ते बदललं इथल्याच माणसांनी. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, ज्यांचा मुक्काम नगरला आणि राहुरीला होता, अभंगाच्या आणि भजनाच्या वाटेनं गीतं लिहिली. ती ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात आहेत आणि आजही पेटी-तबल्यावर, टाळ-मृदंगावर म्हटली जातात. रमाबाईंनी तर साध्या बाईमाणसाला कळावं म्हणून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. पेन्टेकॉस्टच्या दिवशी टाळ वाजतात ते काही नवीन फॅड नाही.

सगळं गाव घरी असण्याचे पंधरा दिवस

आता शीर्षकातली गोष्ट. जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड या पट्ट्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यात सगळ्या जाती-धर्मांचे लोक आहेत, ख्रिस्तीही आहेत. ज्या घरातून कोयता बाहेर पडतो, त्या घराचा नाताळ फडावरच्या कोपीत होतो. चर्चवरची चांदणी बघायला मागं उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडं ठेवलेली शाळकरी पोरं. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेले नाताळात येतात, पण दोन दिवसांसाठी.

मे महिन्यात गणित उलटं होतं. तोडणीवाले परतलेले, शाळांना सुट्ट्या, शहरातली लेकरं आजोळी, पेरणीला अजून अवकाश. म्हणून मंडळीची वर्षाची अडलेली कामं याच दिवसांत निघतात. बाळांचे बाप्तिस्मे होतात. मुलांची उन्हाळी बायबल शाळा भरते, सकाळी ऊन चढायच्या आत गाणी, गोष्टी आणि चित्रं. पावसाआधी चर्चचे पत्रे, कौलं बघितली जातात. वयात आलेल्या मुलामुलींचं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी दिलेली वचनं त्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हणायची आणि बिशपांनी डोक्यावर हात ठेवायचा, हेही या सुमाराला धरलं तर सोयीचं पडतं. अँग्लिकन रीतीत हे काम बिशपांचंच, त्यामुळं त्यांची तारीख मिळण्यावर सगळं ठरतं.

सणाच्या आधीचे दिवसही रिकामे नसतात. ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, स्वर्गारोहण. त्याच्या आधीचे तीन दिवस जुन्या अँग्लिकन रीतीत पिकांसाठी मागणं करण्याचे. इंग्लंडात पाळक गावकऱ्यांना घेऊन शिवारातून फिरत. त्या जुन्या प्रार्थनापुस्तकात पावसासाठी वेगळी प्रार्थनाच आहे. स्वर्गारोहण ते पेन्टेकॉस्ट या मधल्या दिवसांत शिष्य वाट बघत प्रार्थना करत होते, म्हणून संध्याकाळी घरोघरी प्रार्थना ठेवतात. आज या दारात, उद्या त्या दारात. चहा झाला तर झाला.

अडचण असते ती पाळकांची. एकाच पाळकाकडं अनेक गावं असतात. गीतं, वाचन, प्रार्थना मंडळीतला जाणता माणूस चालवू शकतो, पण प्रभुभोजनाचा विधी दीक्षा घेतलेल्या पाळकाशिवाय होत नाही. मग एका गावात सकाळी सातला, दुसऱ्यात अकराला, तिसऱ्यात आदल्या दिवशी सांजेला, अशी ओढाताण. लहान गावाचा नंबर शेवटी लागतो आणि एखाद्या वर्षी लागतच नाही. एरवी महिन्यातला एखादा रविवार चुकला तर चालतं. पण जो एकच मोठा सण सगळी माणसं घरी असताना येतो, तोच चुकला तर तोडणीवाल्या घरांना वर्षभरात एकही सण चर्चमध्ये मिळत नाही. पाळकांच्या फेऱ्या लावताना मोठ्या मंडळीआधी अशा गावांचा विचार व्हायला हवा. शहरातल्या मंडळीला पुढचा नाताळ हक्काचा आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. उपवासकाळात ख्रिस्ती घरं लग्न टाळतात, म्हणून ईस्टरनंतर, त्यातही मेमध्ये लग्नांची दाटी होते. तोडणीचा हिशोब फिटलेला नसतो, तोवर लग्नासाठी पुढच्या हंगामाची उचल मुकादमाकडून घेणारे बाप आहेत. म्हणजे मांडवातच पुढच्या दिवाळीचं जाणं ठरलं. इथं ‘प्रेषितांची कृत्ये’चा तोच दुसरा अध्याय पुढं वाचायला हवा. वारा आणि अग्नी सगळ्यांना पाठ असतो. पण अध्यायाचा शेवट असा आहे की, त्या लोकांनी आपापली चीजवस्तू विकून ज्याला गरज त्याला वाटली आणि घरोघरी एकत्र जेवले. सणाचा मांडव, सणाची पातेली, आचारी, सगळं आलेलंच असतं. त्याच आठवड्यात, त्याच मांडवात दोन-तीन लग्नं लावली आणि जेवण एकच धरलं, तर उचलीचा आकडा खाली येईल. मानपान आडवा येतो, हे खरं. पण पुढाकार एखाद्या पोटभर खाणाऱ्या घरानं घेतला तर गरिबाला लाज वाटत नाही.

जेवण साधंच असतं. भात, आमटी, जमलं तर बुंदी. मटण ठरलं की वर्गणी वाढते आणि वर्गणी वाढली की काही घरं उपासनेलाच येत नाहीत, हे पंच मंडळींनी ध्यानात घ्यावं. टंचाईच्या वर्षी पाणी हाच मोठा खर्च. टँकरच्या गावात पंगतीचं पाणी आधी ठरवावं लागतं, आणि पुष्कळदा ते शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवरून येतं, मग तो मळा कुणाचा का असेना.

इंग्लंडात पेन्टेकॉस्टनंतरच्या सोमवारी पूर्वी सुट्टी असायची, मिरवणुका आणि खेळ व्हायचे. 1971 च्या कायद्यानं ती सुट्टी मेच्या शेवटच्या सोमवारी पक्की केली आणि सणापासून तुटली. आपल्याकडं सोमवारी सुट्टी कधीच नव्हती. सकाळी मांडव सोडायचा, भाड्याची पातेली घासून परत करायची, उरलेला भात गुरांना.

शेजाऱ्यांसाठी एवढंच की या दिवशी चर्चमध्ये कुणीही येऊन मागं बसू शकतं. चपला बाहेर काढायच्या की नाही, हे गावागणिक वेगळं, दारात बघावं. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतो, पंगत मात्र सगळ्यांसाठी. 2027 साली पेन्टेकॉस्ट 16 मेला आहे. बिशपांची तारीख हवी असलेल्या मंडळ्यांनी दिवाळीआधी पत्र द्यावं, म्हणजे तोडणीला निघणाऱ्या घरांना परतीचा दिवस आधीच ठाऊक राहील.