सकारलेली हुंडी आणि सुटीची खोली

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळे ओळखले जाते. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात येथे पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद होतो आणि त्या पंगतीला अफाट जनसमुदाय लोटतो. अशा गावातील व्यापार पुष्कळसा ओळखीवर चालतो. गिऱ्हाईक कोणत्या घरचे, मागची उधारी कशी फिटली, हे दुकानदाराला तोंडपाठ असते. म्हणूनच माल विश्वासावर देता येतो. समृद्धी महामार्ग मेहकरजवळून गेल्यापासून येथील कुटुंबांना दूरच्या सहलीला निघणे सोपे झाले आहे. परंतु महाबळेश्वर, गणपतीपुळे किंवा गोव्यातील मुक्काम एखाद्या टाइमशेअर सदस्याकडून भाड्याने घ्यायचा, तर तो सौदा बहुधा अनोळखी माणसाशी होतो. तेथे पेढीवरची ओळख कामाला येत नाही.

सदस्याच्या हाती नेमके काय असते?

टाइमशेअर ही कल्पना १९६०च्या दशकात युरोपात रुजली. भारतात स्टर्लिंगने १९८६मध्ये आणि महिंद्रा हॉलिडेजने १९९६मध्ये या व्यवसायात पाऊल ठेवले. सदस्य एकदा मोठी रक्कम भरतो, पुढे दरवर्षी देखभालीचे शुल्क देतो आणि ठरलेली वर्षे, ठरावीक हंगामात काही दिवस कंपनीच्या रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क मिळवतो. ज्या वर्षी त्याला जाणे जमत नाही, त्या वर्षीचे दिवस तो दुसऱ्याला भाड्याने देऊ पाहतो.

जैन कुटुंबांना अशा मुक्कामाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. अनेक ठिकाणी खोलीला जोडून लहान स्वयंपाकघर असते. कंदमुळांशिवायचा स्वयंपाक, उकळलेले पाणी आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन यांची सोय लागली, की घरातील वडीलधारी मंडळीही निश्चिंत मनाने सोबत येतात.

मात्र ‘मालक’ या शब्दाने फसू नये. भारतात बहुतेक सदस्यांना खोलीची मालकी मिळत नाही, करारातून वापराचा हक्क तेवढा मिळतो. एखादी परवानगी केवळ वापरापुरती असेल, तर ती दुसऱ्याला हस्तांतरित करता येत नाही, असा १८८२च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५६मधील सर्वसाधारण नियम आहे. करारात तशी मुभा असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून सदस्याने कितीही प्रामाणिकपणे शब्द दिला, तरी खोलीची किल्ली रिसॉर्टच्याच हाती असते.

हुंडीचा जुना धडा

व्यापारी घराण्यांना हा व्यवहार नवा वाटू नये. हुंडी लिहिणारा एका गावी, घेणारा दुसऱ्या गावी आणि ती सकारणारा तिसराच असे. लिहिणाऱ्याची सही कितीही सुबक असली, तरी ज्याच्यावर हुंडी लिहिली त्याने ती सकारली, तरच पैसा हाती पडे. शाहजोग हुंडीची रक्कम तर बाजारात पत असलेल्या शाहालाच दिली जाई. टाइमशेअरच्या भाड्यात सदस्य हा हुंडी लिहिणारा आहे आणि रिसॉर्ट ती सकारणारे आहे. रिसॉर्टने सकारण्यापूर्वी पैसे देऊ नयेत, या एका नियमात बहुतेक सावधगिरी सामावते.

चौकशी कोठे आणि कशी?

रिसॉर्टचा किंवा कंपनीचा दूरध्वनी क्रमांक सदस्याकडून घेऊ नये. तो कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः शोधावा. सदस्याला आधी पाहुण्यांच्या नावे आरक्षण करायला सांगावे आणि मग रिसॉर्टला पुढील गोष्टी विचाराव्यात :

• आरक्षण प्रवास करणाऱ्या कुटुंबप्रमुखाच्या नावे आहे काय? तारखा, खोलीचा प्रकार आणि मुलांसह माणसांची संख्या बरोबर आहे काय?

• सदस्याचे वार्षिक शुल्क किंवा हप्ते थकलेले आहेत काय? थकबाकीमुळे प्रवेश अडू शकतो.

• सदस्य सोबत नसताना पाहुण्यांना प्रवेश मिळतो काय? त्यासाठी वेगळे शुल्क आहे काय? दिवस पैसे घेऊन दुसऱ्याला देण्यास काही कंपन्यांच्या अटींत मनाई असते, म्हणून करारातील ते कलम सदस्याकडून मागवून वाचावे.

• खोलीत प्रत्यक्ष स्वयंपाक करता येतो, की केवळ अन्न गरम करण्याची मुभा आहे? जैन भोजन मिळते काय आणि संध्याकाळी किती वाजल्यापासून?

तेवढ्याच दिवसांचा थेट दरही विचारून घ्यावा. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवासांचे दर पडताळावेत. बचत थोडीच असेल, तर थेट आरक्षण केव्हाही बरे.

पैसे आणि कागद

रिसॉर्टकडून होकार आला, तरी संपूर्ण रक्कम एकदम देऊ नये. आरक्षण सदस्याच्या खात्यातून झालेले असते. पैसे मिळाल्यावर ते रद्द करणे त्याला शक्य असते आणि रद्द केलेले दिवस त्याच्याच खात्यात परत जाऊ शकतात. म्हणून काही भाग आगाऊ द्यावा आणि उरलेला खोलीत प्रवेश मिळाल्यावर देण्याचे ठरवावे. निघण्यापूर्वी आरक्षणाची पुन्हा खात्री करावी. रक्कम सदस्याच्याच नावाच्या बँक खात्यात जावी. पडद्यावर दिसणारे नाव आणि सदस्यत्वाच्या कागदावरील नाव जुळत नसेल, तर तेथेच थांबावे. तारखा, भाडे, आरक्षण रद्द झाल्यास परतावा आणि नुकसानभरपाईची जबाबदारी या गोष्टी ईमेलवर लिहून घ्याव्यात. ओळखपत्र पाठवावे लागले, तर आधार क्रमांकाचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी.

‘आणखी दोन कुटुंबे मागत आहेत, तासाभरात पैसे पाठवा’, अशी घाई दिवाळी आणि मे महिन्याच्या सुटीत हमखास केली जाते. ज्या सौद्याला एका फोनचीही उसंत नाही, तो सोडून देण्यात तोटा नाही.

फसवणूक झालीच तर

ऑनलाइन पैसे गेले असतील, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे. पहिले काही तास मोलाचे असतात. ग्राहक म्हणून मार्गदर्शनासाठी १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मात्र एखाद्या खासगी व्यक्तीने एकदाच केलेला असा व्यवहार ग्राहक कायद्याच्या चौकटीत बसवणे कठीण जाऊ शकते आणि रिसॉर्टचा करार तर सदस्याशीच असतो. म्हणून लिखित पुरावा जपून ठेवावा.

ज्या कुटुंबांकडे स्वतःचे सदस्यत्व आहे, त्यांनाही ही शिस्त लागू आहे. नातलगांना दिवस देतानासुद्धा आधी कंपनीची अट वाचावी आणि पाहुण्यांचे नाव आरक्षणात नोंदवावे. अन्यथा आजी-आजोबा आणि मुले प्रवास करून रिसॉर्टच्या दारी पोहोचतात आणि नोंदवहीत त्यांचे नाव नसते. त्या क्षणी भाड्याच्या रकमेइतकीच शब्द देणाऱ्याची पतही पणाला लागते, आणि व्यापारी घराण्याला पत पैशाहून प्रिय असते.