शेवंतीचे रात्रमान

भीमेच्या उत्तरेकडील शिरूर आणि दक्षिणेकडील दौंड या दोन तालुक्यांत ऊस-कांद्याच्या जोडीला फुलशेतीही होते आणि दौंडमधील यवत परिसरात तिच्यात शेवंतीला मानाचे स्थान आहे. एप्रिल-मे महिन्यांत लावलेली शेवंती पावसाळाभर केवळ पाने व फांद्या वाढवत राहते आणि दसऱ्याच्या सुमारास कळ्यांनी भरून जाते. पाणी आणि खत यांमुळे झाड पोसले जात असले, तरी फुलण्याची वेळ मुख्यतः रात्रीच्या लांबीवरून ठरते आणि म्हणूनच शिक्रापुरातील गच्चीवरच्या कुंडीलाही तोच नियम लागू होतो.

दिवस-रात्रीच्या लांबीला वनस्पतीने दिलेल्या या प्रतिसादाला दीप्तिकालिता म्हणतात. तिचा पहिला सुगावा शेवंतीत लागला नाही. फ्रान्समधील ज्युलियँ तूर्न्वा यांना 1912 च्या सुमारास भांगेच्या आणि हॉपच्या रोपांत असे दिसले की, दिवसाचा उजेड थोडाच वेळ मिळाला तर रोपे लवकर फुलतात. गार्नर आणि अलार्ड या अमेरिकन संशोधकांनी 1920 मध्ये तंबाखूवरील प्रयोगांतून हे तत्त्व सर्वसाधारण नियम म्हणून मांडले. शेवंती ही अशीच लघुदिन वनस्पती, म्हणजे दिवस ठरावीक मर्यादेपेक्षा आखूड झाल्यावर फुलणारी वनस्पती आहे. या भागात दिवस जूनमध्ये सुमारे सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरात अकरा तासांचा असतो. फरक जेमतेम सव्वादोन तासांचा असूनही झाड तो अचूक टिपते, हे खरोखर विलक्षण आहे.

टिपण्याचे काम पाने करतात. रशियातील मिखाईल चैलाख्यान यांनी 1930 च्या दशकात शेवंतीवरच प्रयोग करून दाखवले की, पानांना लघुदिन मिळाले म्हणजे शेंड्याला दीर्घ दिवसाचा उजेड मिळत असला तरी कळ्या धरतात, म्हणजेच फुलण्याचा संदेश पानांतून शेंड्याकडे जातो. तो पोहोचला की पाने निर्माण करणारा शेंडा रुंदावतो आणि त्यावर कडेपासून मध्याकडे पुष्पकांचे, म्हणजे इवल्या फुलांचे, उंचवटे उमटू लागतात, कारण ज्याला आपण एक फूल म्हणतो ते वस्तुतः शेकडो पुष्पकांचे स्तबक असते. लघुदिन सुरू झाल्यापासून फूल उमलेपर्यंत बहुतेक वाणांना आठ ते दहा आठवडे लागतात आणि रात्री फार उष्ण असल्या तर हा काळ लांबतो.

मात्र रोप कोवळे असताना लघुदिन मिळाले तर ते बुटकेच राहून मोजकी फुले देते. त्यामुळे लागवडीनंतर सुमारे महिन्याने शेंडा खुडून फुटवे वाढवले जातात आणि बिगरहंगामी पिकात मध्यरात्रीच्या सुमारास काही तास दिवे लावून रात्र मुद्दाम खंडित केली जाते. झाडाच्या लेखी महत्त्व सलग अंधाराचे असल्याने थोडा उजेडही त्याची गणना मोडतो. रांजणगाव-सणसवाडीच्या औद्योगिक पट्ट्यात रात्रभर दिवे जळतात, त्यामुळे रस्त्यालगतच्या किंवा व्हरांड्यातील शेवंतीला उशिरा कळ्या येत असतील तर खतापूर्वी दिव्याकडे पाहावे, असे आवर्जून सांगावेसे वाटते.

फुलाची पक्वताही कडेपासूनच ओळखावी लागते. बाहेरची जिभेसारखी पुष्पके आधी पूर्ण पसरतात, मधली नळीसारखी नंतर उघडतात आणि त्यांवर परागकण दिसू लागले म्हणजे फूल उतरणीला लागलेले असते. म्हणून सुट्या फुलांची तोडणी पूर्ण उमलल्यावर, पण मध्यभाग उकलण्यापूर्वी आणि शक्यतो ऊन तापण्याआधी, करतात. बहर संपल्यावर झाडे जमिनीपासून थोड्या उंचीवर छाटली जातात, तेव्हा बुंध्यालगत फुटणाऱ्या काश्या मुळांसह अलग करून त्यांचीच पुढील उन्हाळ्यात लागवड केली जाते.