जुनी ‘वेब्ली’ पुन्हा भारतात. शेतकऱ्याच्या कामाची आहे का?

घोटी : रानडुकरांपासून भात राखायला बंदुकीचा परवाना मिळतो का? मिळतो, पण कुठल्या बंदुकीचा, हे आधी समजून घ्या.

चर्चा कशाची?
‘वेब्ली अँड स्कॉट’ ही बर्मिंगहॅमची कंपनी. १८८७पासून ब्रिटिश सैन्याकडे वेब्लीचं रिव्हॉल्व्हर होतं. २०२०मध्ये लखनौच्या सियाल मॅन्युफॅक्चरर्ससोबत उत्तर प्रदेशातील संडीला इथे .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर बनवण्याची घोषणा झाली.

जुनी रचना का चालते?
रचना सोपी आहे. खटका दाबला की नळी खाली झुकते आणि रिकामी काडतुसं एकदम बाहेर पडतात. रिव्हॉल्व्हर भरलेलं आहे का, ते उघडताच दिसतं. दुसरं कारण कायद्याचं. .३८ आणि .४५५ हे लष्करी बोअर सामान्यांना मिळत नाहीत, .३२ मिळतो. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हरही वेब्लीच्याच धाटणीचं आहे.

मग शेतासाठी?
रिव्हॉल्व्हर पीक राखायचं हत्यार नाही. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम १३मध्ये पीक संरक्षणासाठी चक्क ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, म्हणजे वेब्लीहूनही जुनी रचना!

अर्ज कुठे?
ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. पोलीस अहवालानंतर निर्णय होतो. परवाना पिकासाठी असला तरी शिकारीची मुभा मिळत नाही. बिबट्याला तर वन्यजीव कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे. विनापरवाना बंदूक बाळगली, तर पीक वाचेल. पण तुरुंगवारी चुकणार नाही.