हळद कढईतली, हळद डबीतली

सांगलीच्या सौद्यात हळकुंडाचा भाव रंग, जाडी आणि मोडल्यावर दिसणारा गाभा पाहून ठरत आला आहे. जवळच्या हरिपुरात जमिनीखाली खोदलेल्या पेवांत ही हळद साठवली जायची. २००५ च्या महापुराने त्यातली अनेक पेवं निकामी केली, पण सांगलीच्या हळदीचं नाव टिकलं. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. आता हळदीच्या खरेदीत आणखी एक प्रश्न विचारला जातो : कुरकुमीन किती टक्के? विचारणाऱ्याला हळकुंड दळायचं नसतं, त्यातून पिवळा अर्क काढायचा असतो. तो अर्क कॅप्सूलमध्ये भरला जातो आणि जाहिरात सांगते, की सांधेदुखी, मधुमेह, हृदयविकार या सगळ्यांच्या मुळाशी दाह आहे आणि आमची कॅप्सूल दाहशामक आहे.

यातलं पहिलं विधान बऱ्याच अंशी खरं आहे. दुसरं विधान त्या खऱ्याच्या आधाराने उभं राहतं, आणि घोटाळा तिथेच होतो.

जिंकलेलं भांडण, न सुटलेला प्रश्न

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं. परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. जुने संस्कृत ग्रंथ, १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख असे ३२ संदर्भ सादर झाले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. मराठी माणसाला या लढाईचा अभिमान वाटणं साहजिक आहे.

पण त्या लढाईत सिद्ध काय झालं? हा उपयोग नवा नाही, एवढंच. पेटंट कार्यालयाने हळद कोणत्या आजारावर किती गुणकारी आहे, हे तपासलं नव्हतं. तो त्याचा विषयच नव्हता. आपण मात्र ‘जुनं आहे’ याचा अर्थ ‘सिद्ध आहे’ असा करून टाकला, आणि पुढे बाजाराने त्यावर दुकान थाटलं.

न दुखणारा दाह

बोटाला काटा रुतला की ती जागा लाल होते, गरम होते, सुजते आणि दुखते. पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्ससने हीच चार लक्षणं नोंदवली होती. हा दाह उपकारक असतो. जंतूंशी लढतो, मोडतोड दुरुस्त करतो आणि काम झालं की ओसरतो. दीर्घ आजारांशी जोडला जातो तो दाह निराळा. तो मंद असतो, वर्षानुवर्षं चालतो आणि दुखत नाही, म्हणून कळतही नाही.

तो मोजण्याचं साधन १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सापडलं. टिलेट आणि फ्रान्सिस या संशोधकांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक प्रथिन आढळलं. तेच आजचं सीआरपी, म्हणजे सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन. इंटरल्युकिन-६ या रसायनाचा इशारा मिळाला की यकृत ते तयार करतं. संवेदनशील चाचणीत लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असेल तर हृदयविकाराचा धोका कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त, असं ढोबळमानाने धरतात. पण साधं सर्दी-पडसं किंवा दाढेतला पू एवढ्यानेही हा आकडा उसळी मारतो. त्यामुळे ‘फुल बॉडी चेकअप’च्या अहवालातल्या एकाच आकड्यावरून घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये.

मंद दाह येतो कुठून? १९९३ मध्ये हार्वर्डमध्ये गोखान होतामिस्लिगिल आणि सहकाऱ्यांना लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ हे दाहकारी रसायन तयार होताना दिसलं. हेच रसायन इन्सुलिनच्या कामात अडथळा आणत होतं. तोवर चरबी म्हणजे साठवलेलं इंधन, एवढीच समजूत होती. चरबीच्या पेशी क्षमतेपलीकडे फुगल्या की तिथे प्रतिकारशक्तीच्या पेशी गोळा होतात आणि सतत इशारे पाठवत राहतात. पोटाच्या पोकळीतली चरबी यात पुढे असते. तंबाखू, हिरड्यांचा आजार, अपुरी झोप आणि प्रदूषित हवा यांचीही त्यात भर पडते.

दाह कमी केला तर?

दाह हे कारण आहे की नुसती खूण, याचा निकाल २०१७ मध्ये काही प्रमाणात लागला. कँटोस नावाच्या चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आणि सीआरपी वाढलेले १०,०६१ रुग्ण होते. त्यातल्या काहींना कॅनाकिनुमॅबची इंजेक्शनं दर तीन महिन्यांनी दिली. कोलेस्टेरॉल होतं तिथेच राहिलं, दाह उतरला आणि १५० मिलिग्रॅमच्या मात्रेत हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या घटना १५ टक्क्यांनी घटल्या. पण त्याच औषधाने जीवघेणा जंतुसंसर्गही वाढला. दाह दाबला की त्याचं संरक्षणही जातं, हे तिथे स्पष्ट दिसलं.

पुढच्याच वर्षी मेथोट्रेक्सेट या जुन्या दाहविरोधी औषधाची मोठी चाचणी निष्फळ ठरली. संधिवातात उपयोगी पडणारं हे औषध हृदयरुग्णांत सीआरपीही उतरवू शकलं नाही. दाहाच्या वाटा अनेक आहेत. कुठलंही दाहशामक कुठल्याही वाटेवर चालत नाही.

तिसरं उदाहरण आपल्या रानातलं आहे. पावसाळ्यात कोकणात कळलावीची लाल-पिवळी फुलं दिसतात. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. गाउटवर वापरल्या जाणाऱ्या या औषधाची रोज अर्धा मिलिग्रॅम एवढी मात्रा २०२० च्या एका चाचणीत दिली, तेव्हा जुन्या हृदयरुग्णांतल्या गंभीर घटना ३१ टक्क्यांनी घटल्या. २०२४ मध्ये झटक्यानंतर लगेच औषध सुरू केलेल्या सात हजारांहून अधिक रुग्णांत मात्र तो लाभ दिसला नाही. आणि कळलावीचा कंद कुणी तसाच खाल्ला तर जीव जातो. ‘नैसर्गिक’ हा शब्द सुरक्षिततेची हमी देत नाही. मात्रा आणि रुग्ण कोण, यावर सगळं ठरतं.

कॅप्सूलचा हिशेब

आता डबी हातात घेऊ. बाजारात सर्रास मिळणाऱ्या कॅप्सूलवर साधारण असा मजकूर असतो : हळदीचा अर्क ५०० मिलिग्रॅम, ९५ टक्के कुरकुमिनॉइड्स, सोबत ५ मिलिग्रॅम पिपरीन. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम कुरकुमिनॉइड्स. घरच्या हळदीत कुरकुमीन साधारण ३ टक्के असतं. चार माणसांच्या भाजीत अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम हळद पडली, तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम ११ मिलिग्रॅम येतं. चाळीसहून अधिक वाट्या भाजीतलं कुरकुमीन एका घोटात पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने अन्नातला रंग म्हणून कुरकुमीनची रोजची मर्यादा किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम ठरवली आहे. ६० किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम.

एवढं घेऊनही ते रक्तात पोचत नाही, ही खरी अडचण. आतडं आणि यकृत कुरकुमीनला चटकन बांधून बाहेर टाकतात. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी निरोगी माणसांना २ ग्रॅम कुरकुमीन दिलं, तर रक्तात ते जवळपास सापडलंच नाही. सोबत मिऱ्यातलं पिपरीन दिलं तेव्हा शोषण वीसपटींनी वाढलं. तेव्हापासून कॅप्सूलमध्ये पिपरीन आलं. पण पिपरीन शरीराची निचरा करणारी यंत्रणाच मंदावतं, आणि ती यंत्रणा फक्त कुरकुमीनसाठी नसते. फेफऱ्यावरचं फेनिटोइन, रक्तदाबावरचं प्रोप्रॅनोलॉल यांची रक्तातली पातळीही त्याने वाढते.

गुडघेदुखीत कुरकुमीनने काही आठवडे आराम पडल्याचं लहान चाचण्यांत दिसलं आहे, हे मान्य करायला हवं. पण २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या अभ्यासकांनी सगळ्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा एक अडचणीची गोष्ट पुढे आली. हे रसायन अस्थिर आहे आणि प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांना चकवतं. गुण नसतानाही तिथे गुण दिसतो.

नुकसानीच्या नोंदीही येऊ लागल्या. २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या पूरक उत्पादनांनंतर यकृताला सूज आल्याच्या घटनांमुळे सरकारला इशारा द्यावा लागला. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या यकृत-इजा नोंदवणाऱ्या गटाने दहा रुग्णांची माहिती छापली. त्यातले पाच रुग्णालयात दाखल झाले, एक दगावला. दहापैकी सात जणांत एकच विशिष्ट जनुकप्रकार आढळला. म्हणजे धोका सरसकट सगळ्यांना नाही. पण आपल्यात तो जनुकप्रकार आहे का, हे डबी घेताना कुणी तपासत नाही.

उणीव असेल तर

अन्नातला गुण वेगळा काढून गोळीत भरायचा प्रयोग याआधीही झाला आहे. गाजर-पालेभाज्या खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसे, म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटीनची चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला : गोळी घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेत २५,८७१ जणांवरच्या ‘व्हायटल’ चाचणीत ड जीवनसत्त्वाने किंवा माशाच्या तेलाने कर्करोग आणि हृदयविकाराच्या गंभीर घटना लक्षणीय घटल्या नाहीत. ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत स्वप्रतिकार आजार २२ टक्क्यांनी कमी दिसले, हा त्यातला लक्षवेधी अपवाद.

याचा अर्थ सगळ्या गोळ्या फेकून द्याव्यात असा नाही. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. त्यातल्या ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होतं. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, आणि मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनमुळे ते आणखी घटतं. इथे गोळी किंवा इंजेक्शन हाच योग्य उपाय. उणीव भरून काढणं वेगळं आणि उणीव नसताना वरून ओतणं वेगळं.

बारीक माणसाची चरबी

याज्ञिकांच्याच कामातून आपल्याबद्दलची एक महत्त्वाची गोष्ट कळते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची, पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू, चरबी तुलनेने टिकून होती. म्हणून ‘मी कुठे जाड आहे?’ हा आपला युक्तिवाद फसवा आहे. काट्यापेक्षा कमरेचा घेर जास्त खरं बोलतो.

ताटातलं सूत्र

मग करायचं काय? चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांना निवडलं. सुमारे अडीच वर्षांत नेहमीप्रमाणे राहणाऱ्यांपैकी ५५ टक्के मधुमेही झाले. साखर आणि मैदा कमी, चोथा जास्त आणि रोज अर्धा तास चालणं एवढं पाळणाऱ्यांपैकी ३९ टक्के. स्पेनच्या ‘प्रेडिमेड’ चाचणीत डाळी, भाज्या, मासे, सुकामेवा आणि ऑलिव्ह तेलाच्या जेवणाने हृदयविकाराच्या घटना सुमारे ३० टक्क्यांनी घटल्या. तो शोधनिबंध गटवाटणीतल्या चुकांमुळे २०१८ मध्ये मागे घ्यावा लागला. पुन्हा हिशेब करून छापला, तेव्हाही निष्कर्ष फारसा बदलला नाही.

त्यासाठी ऑलिव्ह तेलाच्या महागड्या बाटल्या आणायची गरज नाही. मोड आलेली मटकी, कुळीथ, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, परवडत असेल तेव्हा बांगडा किंवा तारली, यांत तेच सूत्र आहे. चोथा मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना मिळाला की ते ब्युटिरेट तयार करतात. ते आतड्याचं अस्तर शाबूत ठेवतं आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींना आवरतं. पण एक कडू गोष्टही ऐकायला हवी. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२५ च्या अभ्यासानुसार भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात, आणि नुसती पोळीच्या जागी भाकरी आणल्याने धोका कमी झालेला दिसत नाही. दोन भाकऱ्यांची एक करून उसळीची वाटी दोन करावी लागते. त्यासोबत मशेरी आणि तंबाखू सोडायची, हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्य गाठायचा.

कढईतल्या हळदीकडे कुणी पुरावा मागू नये. ती कुठल्या आजाराचा दावा करत नाही. डबीतली दावा करते, मग तिने इतर औषधांसारखाच पुरावा द्यावा. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार अशा डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना छापावीच लागते. ती बारीक अक्षरांत असते आणि जाहिरात ठळक.

डॉक्टर विचारतात, ‘कोणती औषधं चालू आहेत?’ आपण रक्तदाबाची, साखरेची गोळी सांगतो. हळदीची कॅप्सूल, चूर्ण, प्रोटीनची पावडर सांगत नाही, कारण आपल्या लेखी ते औषध नसतं. यकृताला हा फरक कळत नाही. पुढच्या तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या डब्या पिशवीत घालून न्या. त्या सुरू केल्यानंतर डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अन्नावरची वासना उडाली, तर कॅप्सूल बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि तक्रारीची नोंद करायला सांगा.