दाण्यांची मूठ आणि खारीची हाडं

सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत जेवणाच्या सुट्टीला डबे उघडले की लिंबावरची खार खाली उतरते. कुणी भाकरीचा तुकडा टाकतं, कुणी खिशातले चार शेंगदाणे. खार मागच्या पायांवर बसते, दाणा दोन्ही पंजांत धरते आणि फिरवत फिरवत कुरतडते. बघणाऱ्यालाही बरं वाटतं. पण जेमतेम शंभर ग्रॅम वजनाच्या या जिवाचं पोट भरणं आणि त्याची हाडं धडधाकट राहणं, ही दोन वेगळी गणितं आहेत. शेंगदाण्यानं पहिलं सुटतं, दुसरं बिघडतं.

आपल्या दारातल्या खारी दोन जातींच्या. एकीच्या पाठीवर तीन पांढरट पट्टे, दुसरीच्या पाठीवर पाच. महाराष्ट्रात दोन्ही आढळतात आणि दोघींचा आहार बराचसा सारखा. त्यांची मोठी बहीण शेकरू सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, चांदोलीच्या जंगलात राहते. राज्यप्राण्याचा मान तिचा. पण ती उंच झाडांचे शेंडे सोडून सहसा खाली येत नाही. माणसाच्या वस्तीत संसार थाटला तो या छोट्या खारींनी.

ऋतूप्रमाणे ताट

खारीला आपण दाणे खाणारा प्राणी समजतो. ते अर्धंच खरं आहे. चिंचा, बोरं, पेरू ही तिची फळं. उन्हाळ्याच्या तोंडाला काटेसावर फुलली की ती फुलांत तोंड घालून मध पिते. सिल्व्हर ओकच्या केशरी तुऱ्यांवरही तिची हजेरी असते. भारतीय सस्तन प्राण्यांवरचं एस. एच. प्रेटर यांचं पुस्तक १९४८ मध्ये निघालं. मध पिता पिता खार सिल्व्हर ओकचं परागीभवन करत असावी, अशी नोंद त्यात आहे. पावसाळ्याच्या तोंडाला लिंबोळ्या पिकतात, आणि पाऊस पडला की किडे, अळ्या, वाळवी यांची रेलचेल होते. पिलांना पाजणाऱ्या मादीला या किड्यांतून प्रथिनं मिळतात. संधी साधली तर पक्ष्यांची अंडीही ती सोडत नाही. यांच्या जोडीला कोवळी पानं, कळ्या आणि साल असतेच.

या ताटात उंबराला खास जागा आहे. उंबर, वड, पिंपळ ही एकाच कुळातली झाडं. १९९८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात बेलीझ, इंडोनेशिया आणि युगांडातल्या रानफळांची तुलना प्रसिद्ध झाली. त्यात या कुळातल्या फळांमध्ये इतर फळांच्या सुमारे तिप्पट कॅल्शियम आढळलं. शिवाय एका परिसरातली सगळी उंबरं एकदम पिकत नाहीत. त्यांचं परागीभवन करणाऱ्या चिमुकल्या गांधिलमाश्यांना अंडी घालायला सतत कुठलं ना कुठलं कोवळं फळ लागतं, म्हणून झाडांचे बहर मागेपुढे होतात. बाकीची झाडं रिकामी असतानाही कुठंतरी उंबर पिकलेलं असतं, ते यामुळे.

आता शेंगदाणा घ्या. शंभर ग्रॅम दाण्यांत फॉस्फरस ३७५ मिलिग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम जेमतेम ९०. म्हणजे एकास चार. खारीच्या वाढीला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त, निदान त्याच्या बरोबरीनं तरी हवं. रक्तातलं कॅल्शियम घटलं की गळ्यातल्या परावटू ग्रंथी ते भरून काढायला हाडांतून ओढून घेतात. पिंजऱ्यात पाळून नुसत्या दाण्यांवर आणि मक्यावर ठेवलेल्या खारींची हाडं यानंच ठिसूळ होतात, मागचे पाय लुळे पडतात. घरात ऊन नसेल तर ड जीवनसत्त्वही तयार होत नाही आणि दुखणं वाढतं. मोकळ्या खारीकडे यावर उपाय असतात: ती ऊन खाते, आणि रानातल्या खारी पडलेलं हाडूक सापडलं तर तेही कुरतडतात.

कुरतडण्याचा दुसराही फायदा आहे. तिचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. त्यांना टणक आवरण असतं ते पुढच्या बाजूलाच. मागची बाजू मऊ, ती लवकर झिजते आणि धार सुताराच्या पटाशीसारखी कायम राहते. चिंचोका, साल, टणक कवच यांवर दात चालले तर त्यांची लांबी आवाक्यात राहते. सोललेल्या दाण्यांना आणि बिस्किटांना दाताचं काम उरतच नाही. ओल लागलेल्या दाण्यांवर बुरशी धरते; तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक. खारे दाणे आणि फरसाण यांचं तर नावच नको.

दुष्काळ पडला तर

फळं संपली की काय खायचं, याचं उत्तर शेकरूनं दिलं आहे. डॉ. रेने बोर्जेस यांनी भीमाशंकरच्या आणि कर्नाटकातल्या मागोडच्या जंगलात शेकरूच्या आहाराचा बारकाईनं अभ्यास केला. फळांबरोबर बिया, फुलं, पानं, साल असं सगळं शेकरूच्या खाण्यात असतं. एकाची टंचाई दुसऱ्यावर निभावते. पानांत आणि बियांत झाडानं स्वसंरक्षणासाठी भरलेली कडू-तुरट रसायनं असतात. एकाच पदार्थावर ताव मारला तर ती बाधतात, थोडं थोडं अनेक ठिकाणचं खाल्लं तर पचून जातात. अनेक झाडांचं खाणं ही म्हणूनच तिची चैन नव्हे, गरज आहे.

सांगली जिल्ह्यात अशी विविधता माणसानंही उभी केली आहे. सागरेश्वरच्या उजाड डोंगरांवर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नांतून झाडं लागली आणि १९८५ साली तिथं अभयारण्य झालं. कुपवाडच्या कंपाउंडांत डोंगर नाहीत, पण मोकळे कोपरे आहेत. इमारतीपासून लांब एखादं उंबर, कडेनं चिंच, लिंब, काटेसावर एवढी झाडं जमली तरी खारीचं बरंचसं वर्ष निघतं. जुन्या झाडाची ढोली धोका नसेल तर राहू द्यावी. तिथं तिचं घर होतं. उन्हाळ्यात सावलीत, मांजराच्या उडीपासून दूर, उथळ पाणी ठेवावं आणि रोज बदलावं.

घरट्यातून पिलू पडलं तर गाईचं दूध पाजू नये. खारीच्या दुधाच्या मानानं ते फार पातळ असतं आणि पिलाला जुलाब होतात. ऊबदार खोक्यात ठेवून त्याच झाडाखाली आईला संधी द्यावी, पुष्कळदा ती तोंडात धरून त्याला घेऊन जाते. नाही आली, तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. आणि डब्यातले दाणे? ते आपणच खावेत. खारीच्या वाटणीचं झाड एकदा लावलं, की ते बिनसुट्टीचं वाढत राहतं.