शिदोरी किती बांधावी? प्रवासात आणि रानात न्यायची पॉवर बँक

(अमरावती येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय ऐकून काही जण हसले असतील. चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आता पॉवर बँकेवर बोलणार! पण राजेहो, हा विषय मी निवडला नाही, तो माझ्या गळ्यात पडला. कसा, ते आधी सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही चार निवृत्त मास्तर मेळघाटात गेलो होतो. सेमाडोहच्या बाजूला दोन रात्री मुक्काम. निघण्याआधी मी बाजारातून एक पॉवर बँक घेतली. खोक्यावर आकडा होता ३०,००० एमएएच. दुकानदार म्हणाला, "घ्या न काका, आठ दिवस पाहणं नाही." किंमत कमी, आकडा मोठा, आणि गिऱ्हाईक तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. सौदा लगेच झाला.

दुसऱ्या रात्री आमच्या एका मित्राच्या छातीत दुखायला लागलं. वय चौऱ्याहत्तर, आधी एकदा अँजिओप्लास्टी झालेली. त्यांच्या गोळ्यांची नावं, डॉक्टरांचा नंबर, जुना रिपोर्ट, सगळं त्यांच्या फोनमध्ये. आणि फोन बंद. रानात नेटवर्क नसलं की फोन दिवसभर टॉवर शोधत बसतो आणि त्यातच त्याची बॅटरी संपते. मी ऐटीत माझी पॉवर बँक काढली. चारही निळे दिवे लागले होते. फोन अकरा टक्क्यांपर्यंत चढला आणि दिवे विझले. त्या अकरा टक्क्यांत फोन सुरू झाला खरा, पण तेवढ्यात गोंधळात आम्ही दोन ठिकाणी फोन लावायचा प्रयत्न केला, नेटवर्क शोधता शोधता तो पुन्हा मेला. शेवटी वनखात्याच्या माणसांनी वायरलेसवरून निरोप दिला, गाडी मिळाली आणि घाट उतरून परतवाड्याला पोचलो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "रक्त पातळ करणारी गोळी कोणती चालू आहे?" चौघांपैकी एकालाही सांगता आलं नाही.

मित्र आज ठणठणीत आहेत, इथे समोरच बसले आहेत. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. त्या मित्रांचा विषय गणित होता, माझा विषय प्रमाणशास्त्र. म्हणजे माणसाला खरं ज्ञान कसं होतं, हे मी जन्मभर शिकवलं. आणि खोक्यावरचा एक आकडा आम्ही दोघांनीही तपासला नाही.

तर आज तोच आकडा तपासू. गौतमाच्या न्यायसूत्रांत ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आपल्याला त्यातली तीन पुरतील.

आधी आकड्याचा अर्थ. एमएएच म्हणजे मिलीअँपिअर-अवर. हा आकडा एकटा अपुरा असतो. टाकीत पाणी किती, हे नुसत्या तळाच्या मापावरून सांगता येत नाही, उंचीही लागते. तसा इथे व्होल्टेज लागतो. पॉवर बँकेच्या आतल्या लिथियम सेलचा व्होल्टेज साधारण ३.७ असतो. म्हणून १०,००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-अवर गुणिले ३.७, बरोबर ३७ वॉट-अवर. २०,००० म्हणजे ७४ वॉट-अवर. हा वॉट-अवरचा आकडा खरा. चांगल्या पॉवर बँकेवर तो बारीक अक्षरांत छापलेला असतो. तो शोधा.

आता फोन. आजच्या साध्या फोनची बॅटरी ५,००० एमएएच, म्हणजे सुमारे १९ वॉट-अवर. लोक म्हणतात, दहा हजारात पाच हजार दोनदा जातात, म्हणजे फोन दोनदा भरेल. नाही भरत. सेलचा ३.७ व्होल्ट वाढवून ५ किंवा ९ व्होल्ट करावा लागतो, त्यात आणि तारेत काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. पंधरा ते वीस टक्के घट धरा. ३७ मधले हाती उरतात ३० च्या आसपास. म्हणजे फोन दीड वेळा भरतो. २०,००० ची असेल तर तीनदा. ही फसवणूक नाही, हा निसर्गाचा कर आहे. म्हणूनच प्रामाणिक कंपन्या खोक्यावर दुसरा, लहान आकडाही देतात, त्याला रेटेड कपॅसिटी म्हणतात. १०,००० च्या बँकेवर तो ५,८०० ते ६,५०० च्या दरम्यान दिसतो. हा लहान आकडा पाहून माल कमी समजू नका. जो आपली घट स्वतः सांगतो, त्याच्यावर विश्वास जास्त ठेवावा.

आता अनुमान. डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे असं आपण समजतो, हे न्यायशास्त्रातलं नेहमीचं उदाहरण. पॉवर बँकेचा धूर म्हणजे तिचं वजन! आजच्या चांगल्या लिथियम सेलमध्ये एका किलोत साधारण २५० वॉट-अवर मावतात. त्याहून फार जास्त कोणी भरू शकत नाही. माझी ३०,००० ची, म्हणजे १११ वॉट-अवरची. नुसते सेलच साडेचारशे ग्रॅम भरायला पाहिजेत. वर डबी आणि सर्किट. परत आल्यावर मी ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. १९० ग्रॅम! बायको म्हणाली, "हे घ्यायच्या आधी नसतं का करता आलं?" तिने तर्कशास्त्र शिकलेलं नाही, पण प्रश्न बिनतोड होता. तेव्हा लक्षात ठेवा: चांगली १०,००० ची बँक दोनशे ग्रॅमच्या आगेमागे, २०,००० ची साडेतीनशे-चारशे ग्रॅम. दोनशे ग्रॅममध्ये पन्नास हजार कोणी देत असेल तर ते अशक्य आहे, स्वस्त नाही.

मग शब्दप्रमाण. शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, म्हणजे ज्याला माहीत आहे आणि जो खोटं बोलणार नाही त्याचा. दुकानदार आप्त नव्हे, खोकंही नव्हे. आपल्या देशात पॉवर बँकेला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर मानक चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर नावाचं ॲप फोनवर घ्या आणि तो क्रमांक त्यात टाका. कंपनीचं नाव आणि वस्तू जुळते का पाहा. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत होतं. एक सांगतो, हा क्रमांक मुख्यतः सुरक्षिततेबद्दल बोलतो. क्षमतेसाठी वजनाचं अनुमान हवंच.

आणि शेवटी प्रत्यक्ष. नवी बँक घरी पूर्ण भरा आणि तिच्यावर फोन किती वेळा भरतो ते मोजा. दोन-तीन दिवस लागतात. ही परीक्षा घरी द्या, रानात नाही.

आता किती मोठी घ्यायची? इथे बहुतेकांची चूक होते. आपण बँक आधी निवडतो आणि गरज मागून शोधतो. उलटं करा. बडनेऱ्याहून किंवा अकोल्याहून रात्रीच्या गाडीने मुंबईला जायचं आहे. रेल्वेच्या डब्यात चार्जिंगचे पॉइंट असतात, पण आगीच्या भीतीने रात्री ११ ते पहाटे ५ ते बंद ठेवण्याचं रेल्वेचं धोरण आहे. एका रात्रीचा प्रश्न, एक फोन. १०,००० पुष्कळ झाली. बुद्धपौर्णिमेला मेळघाटात मचाणावर बसायचं आहे. दुपारी चढवतात, सकाळी उतरवतात. फोन फ्लाइट मोडवर ठेवला तर १०,००० मधलंही उरेल. चिखलदऱ्याला किंवा नरनाळ्याच्या पायथ्याशी तंबू टाकून तीन दिवस राहायचं, दोघांचे फोन आणि रात्रीचा दिवा. तीन वॉटचा एलईडी दिवा दहा तास जळला तर ३० वॉट-अवर गेले, म्हणजे एका रात्रीत एक अख्खी दहा हजारी! इथे २०,००० च्या दोन घ्या. एक मोठी घेण्यापेक्षा दोन मध्यम बऱ्या. एक बिघडली तर दुसरी असते.

श्रवणयंत्र वापरणाऱ्या आमच्या वयाच्या मंडळींसाठी एक सूचना. श्रवणयंत्राची डबी, हातातलं घड्याळ, इअरफोन अगदी थोडा प्रवाह घेतात. पुष्कळ पॉवर बँकांना वाटतं की काही जोडलेलंच नाही आणि त्या आपोआप बंद होतात. कमी प्रवाहाची सोय आहे का, हे विचारून घ्या.

आता आपल्या वऱ्हाडचा खास प्रश्न, ऊन. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, हे इथे कोणाला सांगायला नको. लिथियम सेल चार्ज करण्याची नेहमीची वरची मर्यादा किती? ४५ अंश! म्हणजे आपली भर दुपारची हवाच त्या मर्यादेला टेकलेली असते. वापरताना सेल ६० पर्यंत सहन करतो, पण उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढंही तापमान ओलांडलं जातं. म्हणून तीन नियम. बँक गाडीत सोडून जायची नाही. भरायची ती पहाटे किंवा रात्री, उशीखाली नाही, फरशीवर. फुगली, वास आला किंवा हाताला चटका बसला तर वापर थांबवा. फुगलेली बँक कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, दाबली गेली तर पेट घेते. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रातच द्या.

विमानाचंही आता सांगायला हवं. १६ एप्रिल २०२५ पासून आपल्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं. पॉवर बँक तपासून आत जाणाऱ्या मोठ्या सामानात ठेवता येत नाही, ती हातातल्या पिशवीतच हवी. १०० वॉट-अवरपर्यंत चालते. १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते. म्हणजे सुमारे २७,००० एमएएच ही सीमा. कारण सोपं आहे: पोटातल्या सामानात आग लागली तर कोणी विझवू शकत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एक विमान उडण्याआधीच जळालं. तपासात पॉवर बँकेतल्या बिघाडाची शक्यता पुढे आली. त्यानंतर नियम कडक होत आहेत, तेव्हा तिकिटाबरोबर आपल्या कंपनीचा नियम वाचून घ्या. आणि लक्षात आलं का? माझी ३०,००० ची बँक खरी असती तर ती १११ वॉट-अवरची भरली असती, म्हणजे परवानगीशिवाय नेताच आली नसती.

मागून एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: "सर, पाठीवर सोलर पट्टी असलेली घ्यावी का? आपल्याकडे ऊन तर फुकटच आहे." ताई, हिशोब करू. पट्टी तळहाताएवढी. कडक उन्हातसुद्धा तिच्यातून एक-दोन वॉट मिळतात. ३७ वॉट-अवर भरायला पंचवीस-तीस तास ऊन हवं, म्हणजे पाच-सहा दिवस. तेवढे दिवस बॅटरीही उन्हात भाजणार, आणि तेच तर टाळायचं आहे. ऊन वापरायचंच असेल तर घडीची वेगळी पट्टी घ्या. पट्टी उन्हात, बँक सावलीत.

आता आवरतो. आपल्या जिल्ह्यातले गाडगेबाबा एक गाडगं आणि एक खराटा घेऊन महाराष्ट्रभर फिरले. आपल्याला तसं जमणार नाही, आणि जमवायची गरजही नाही. पण पिशवी भरताना त्यांची आठवण ठेवावी. काय लागेल हे ज्याला माहीत आहे, त्याची पिशवी हलकी होते. ज्याला माहीत नाही, तो मोठा आकडा विकत घेतो.

आणि एक शेवटचं, ज्याला चार्जिंग लागत नाही. माझ्या त्या मित्रांच्या खिशात आता एक कागद असतो. गोळ्यांची नावं, रक्तगट, डॉक्टरांचा आणि मुलीचा नंबर. घडी करून, प्लॅस्टिकमध्ये. मी पण तसाच एक केला आहे. पॉवर बँक तपासून घ्याच, पण आज घरी गेल्यावर आधी तो कागद लिहा.